लक्ष्य घडविणारे हात : जेम्स हॅरिस आणि दोन नवी मूलद्रव्ये

विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर टांगलेला आधुनिक आवर्तसारणीचा तक्ता आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला आहे. त्या तक्त्याच्या सातव्या आवर्तात १०४ आणि १०५ या क्रमांकांच्या दोन चौकटी आहेत. एकीत रदरफोर्डियम हे नाव आहे, दुसरीत डब्नियम. परीक्षेत या मूलद्रव्यांविषयी सहसा काही विचारले जात नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांची नजर त्यांच्यावर फारशी थांबत नाही. ही मूलद्रव्ये निसर्गात सापडत नाहीत. ती प्रयोगशाळेत, एकेका अणूच्या हिशेबाने निर्माण करावी लागतात आणि निर्माण झाल्यावर थोड्याच काळात नाहीशी होतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे लॉरेन्स रेडिएशन प्रयोगशाळा होती. तेथील गटाने १९६९ साली १०४ क्रमांकाच्या आणि १९७० साली १०५ क्रमांकाच्या मूलद्रव्याची निर्मिती जाहीर केली. दोन्ही शोधनिबंधांवर तीच पाच नावे आहेत : अल्बर्ट गिओर्सो, मॅटी नुर्मिया, जेम्स हॅरिस, कारी एस्कोला आणि पिर्को एस्कोला.

या पाचांपैकी जेम्स अँड्र्यू हॅरिस हे आफ्रिकन-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. नव्या मूलद्रव्याच्या शोधात सहभागी झालेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन संशोधक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आमचा विषय इतिहास आहे. रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्रात शिरण्याचे आमचे कारण असे की, हॅरिस यांच्या आयुष्यात दोन इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. एक अणुविज्ञानाचा, दुसरा वर्णभेदाचा. एका माणसाला समाज कोणते काम योग्य समजतो आणि तो माणूस प्रत्यक्षात कोणते काम करू शकतो, या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण आम्हास सहसा आढळलेले नाही. निवासी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी म्हणूनच आम्ही या स्मरणिकेत हा पाठ लिहीत आहोत.

वेको, ओकलंड आणि ऑस्टिन

जेम्स हॅरिस यांचा जन्म २६ मार्च १९३२ रोजी टेक्सास राज्यातील वेको या गावी झाला. वेको हे नाव अमेरिकेच्या इतिहासात एका भीषण घटनेमुळे नोंदले गेले आहे. हॅरिस यांच्या जन्माच्या सोळा वर्षे आधी, १५ मे १९१६ रोजी, जेसी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय तरुणाला न्यायालयातून ओढून नेऊन, हजारोंच्या जमावासमोर, भर गावात जाळून मारण्यात आले. त्या प्रसंगाची छायाचित्रे काढली गेली आणि ती विकलीही गेली. अशा गावात कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या मुलाला आपली जागा कोणती, हे शाळेत जाण्यापूर्वीच कळत असे.

आईवडील विभक्त झाल्यानंतर हॅरिस यांना त्यांच्या आईने वाढविले. माध्यमिक शिक्षणासाठी ते कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी गेले आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुन्हा टेक्सासला, ऑस्टिन येथे परतले. ऑस्टिनमध्ये राज्याचे मोठे विद्यापीठ होते. परंतु त्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवीपूर्व अभ्यासक्रमांसाठी दारे उघडली ती १९५६ साली. त्याआधी हेमन स्वेट या कृष्णवर्णीय युवकाला त्याच विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते आणि १९५० साली निकाल त्याच्या बाजूने लागला होता. त्या निकालाने पदवीपूर्व अभ्यासक्रमांची दारे मात्र उघडली नाहीत. रसायनशास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या हॅरिस यांच्यासाठी त्याच शहरातील राज्य विद्यापीठ बंदच होते.

त्यांनी ज्या महाविद्यालयातून पदवी घेतली त्याचे नाव ह्यूस्टन-टिलॉट्सन. टिलॉट्सन आणि सॅम्युएल ह्यूस्टन ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली दोन जुनी महाविद्यालये १९५२ साली एकत्र येऊन ही संस्था बनली होती. १९५३ साली हॅरिस तेथून रसायनशास्त्रात पदवीधर झाले. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल यानंतर एक वर्षाने, १७ मे १९५४ रोजी आला. म्हणजे हॅरिस यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मान्य केलेल्या विभाजनाच्या काळातच पूर्ण झाले.

मोठ्या विद्यापीठाने नाकारलेल्या विद्यार्थ्याला लहान संस्थेने घडविले, ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी आफ्रिकन-अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आफ्रिकन-अमेरिकनांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या आणि ड्यू बॉइस यांनी त्यास उत्तरही दिले. दोन्हीकडच्या लढ्यांना परस्परांची जाणीव होती. पुढे १९६६ साली हॅरिस यांच्या शालेय शिक्षणाच्या शहरात, ओकलंड येथेच, ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि १९७२ साली मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले.

नोकरीच्या दारात

पदवीनंतर हॅरिस काही काळ सैन्यात होते. तेथे ते सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १९५५ साली ते रसायनशास्त्रज्ञाची नोकरी शोधू लागले. या शोधाचे त्यांच्या चरित्रांतून येणारे वर्णन वाचताना मन खिन्न होते. कृष्णवर्णीय माणूस रसायनशास्त्रज्ञाच्या पदासाठी अर्ज करतो आहे, यावर कार्यालयांतील लोकांचा विश्वासच बसत नसे. तो सफाई कामगाराच्या जागेसाठी आला असावा, असे गृहीत धरले जाई. एके ठिकाणी त्यांच्या हाती एक चाचणी देण्यात आली. ती तांत्रिक पदाची नव्हती. साध्या बेरजा-वजाबाक्या तपासून अंगमेहनतीच्या कामासाठी माणूस निवडण्याची ती चाचणी होती. हॅरिस तेथून निघून गेले.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. सफाईचे काम हलके आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी ते काम करून आपल्याला शाळेत धाडले आहे. अन्याय होतो तो माणसाचे प्रमाणपत्र न पाहता त्याचा वर्ण पाहून काम ठरविण्यात. अर्जदाराच्या हातात रसायनशास्त्राची पदवी होती. पाहणाऱ्याने केवळ त्याच्या हाताचा रंग पाहिला. आपल्याकडे रंगाऐवजी आडनाव आणि गाव विचारले जाते, इतकाच काय तो फरक.

आणखी एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. भारतीय संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी दिली. अमेरिकेत खासगी मालकाला वर्णावरून नोकरी नाकारण्यास बंदी करणारा देशव्यापी कायदा १९६४ साली झाला. हॅरिस नोकरीसाठी हिंडत होते तेव्हा त्यांच्या पाठीशी असा कायदा नव्हता.

अखेर १९५५ सालीच कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे ट्रेसरलॅब या कंपनीत त्यांना किरणोत्सारी रसायनशास्त्राचे काम मिळाले. पाच वर्षे त्यांनी तेथे अनुभव घेतला. १९६० साली ते बर्कलीच्या लॉरेन्स रेडिएशन प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथील अणुरसायन विभागात जड समस्थानिकांची निर्मिती करणाऱ्या गटाचे ते पुढे प्रमुख झाले. त्यांच्याजवळ पीएच.डी. नव्हती. १९५३ सालची पदवी, पाच वर्षांचा अनुभव आणि दोन कुशल हात एवढ्या शिदोरीवर ते या जागी पोहोचले होते.

लक्ष्य म्हणजे काय?

हॅरिस यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे. गणित मात्र सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल इतके सोपे आहे.

मूलद्रव्याचा अणुक्रमांक म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या. कॅलिफोर्नियमच्या केंद्रात ९८ प्रोटॉन असतात आणि कार्बनच्या केंद्रात ६. ही दोन केंद्रे एकजीव करता आली तर ९८ अधिक ६, म्हणजे १०४ प्रोटॉनांचे नवे केंद्र मिळेल. कार्बनऐवजी नायट्रोजन घेतला, ज्यात ७ प्रोटॉन असतात, तर १०५ मिळेल. कागदावर ही एक ओळीची बेरीज आहे. परंतु दोन्ही केंद्रांवर धन विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांना जोराने दूर लोटतात. त्यासाठी हलक्या अणूंना त्वरक यंत्रात प्रचंड वेग देऊन जड अणूंवर आदळवावे लागते. ज्या पदार्थावर हा मारा करायचा त्याला ‘लक्ष्य’ म्हणतात. धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर दिलेला त्या पदार्थाचा अतिशय पातळ लेप, असे या लक्ष्याचे रूप असते.

हे लक्ष्य तयार करणे हे हॅरिस यांचे काम होते. त्यातील अडचणी एकेक करून पाहू.

पहिली अडचण पदार्थाची. कॅलिफोर्नियम खाणीत मिळत नाही. ते १९५० साली बर्कलीतच प्रथम तयार झाले. जड मूलद्रव्यांवर अणुभट्टीत दीर्घकाळ न्यूट्रॉनांचा मारा करून ते हळूहळू निर्माण करावे लागते, आणि त्या काळी लक्ष्यासाठी मिळे तेही मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तो डोळ्यांना धड दिसतही नाही, त्यामुळे सांडला किंवा भांड्याच्या काचेला चिकटून राहिला तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया जातात.

दुसरी अडचण किरणोत्साराची. कॅलिफोर्नियम-२४९ हा समस्थानिक आल्फा कण आणि गॅमा किरण बाहेर टाकतो. तो शरीरात जाणे अत्यंत घातक असते. म्हणून असे पदार्थ बंद पेटीत ठेवून, पेटीच्या भिंतीतच बसविलेल्या जाड हातमोज्यांत हात घालून हाताळले जातात. जाड मोज्यांतून, काचेपलीकडून, थेंबाच्याही अंशाइतका द्राव इकडून तिकडे न्यायचा, यासाठी हाताला केवढी स्थिरता लागत असेल, याची कल्पना करावी.

तिसरी अडचण शुद्धतेची, आणि या संपूर्ण कथेचा गाभा तिथेच आहे. समजा, कॅलिफोर्नियमच्या लेपात शिशाचा सूक्ष्म अंश राहून गेला. शिसे हा सर्वत्र आढळणारा धातू. रसायनांतून, भांड्यांतून, धुळीतूनही तो येऊ शकतो. मारा सुरू झाला की कार्बनचे अणू शिशावरही आदळतात आणि त्यातून काही वेगळीच किरणोत्सारी केंद्रे तयार होतात. तीही आल्फा कण सोडतात आणि त्यांची ऊर्जा नव्या मूलद्रव्याच्या आल्फा कणांच्या जवळपास असू शकते. शिवाय ही नको असलेली केंद्रे नव्या मूलद्रव्यापेक्षा कितीतरी अधिक सहजपणे तयार होतात. एका मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग शिसे धरले तरी त्यात सुमारे २,९०० अब्ज अणू असतात; आणि शोधायचे असतात ते नव्या मूलद्रव्याचे एकेकटे अणू. अशा वेळी मापनयंत्रावर उमटलेली नोंद नव्या मूलद्रव्याची की शिशाने केलेल्या फसवणुकीची, हे सांगणे अशक्य होते. अशुद्ध लक्ष्यावर जगातील सर्वोत्तम त्वरक वापरला तरी निष्कर्ष संशयास्पदच राहील.

हे शुद्धीकरण करण्याची एक प्रमुख रीत आयन-विनिमयाची आहे. विशिष्ट प्रकारच्या राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून द्राव थेंबाथेंबाने सोडतात. निरनिराळी मूलद्रव्ये मण्यांना कमी-अधिक घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ती निरनिराळ्या वेळी खाली उतरतात. रसायनशास्त्रज्ञाने नेमका हवा तो थेंब ओळखून वेगळा करायचा, पुन्हा नळीत सोडायचा, पुन्हा वेगळा करायचा. आपल्या स्वयंपाकघरात निवडलेले तांदूळ आई पुन्हा एकदा सुपात घेते, तसेच हे. येथे खडा डोळ्यांना दिसत नाही, एवढा मात्र मोठा फरक. अखेरीस शुद्ध झालेला पदार्थ पातळ पत्र्यावर सर्वत्र सारख्या जाडीने बसवावा लागतो. लेप जाड झाला तर निर्माण झालेला नवा अणू त्यातच अडकून बसतो. सैल राहिला तर माऱ्याच्या उष्णतेने तो उखडतो.

हॅरिस यांनी तयार केलेल्या लक्ष्याविषयी त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटले की, त्या प्रयोगशाळेत तोवर तयार झालेल्या लक्ष्यांत ते सर्वोत्तम होते. ज्या प्रयोगशाळेने तोपर्यंत अनेक नवी मूलद्रव्ये जगाला दिली होती, तिथल्या जाणकारांचे हे मत आहे.

१९६९ आणि १९७०

बर्कलीच्या जड आयन त्वरकात कॅलिफोर्नियम-२४९ च्या लक्ष्यावर प्रथम कार्बन-१२ चा मारा झाला. २४९ आणि १२ मिळून २६१. त्यांतून चार न्यूट्रॉन निसटले आणि १०४ क्रमांकाच्या मूलद्रव्याचा २५७ वस्तुमानांकाचा समस्थानिक मिळाला. त्याचे अर्धायुष्य ४ ते ५ सेकंद. कार्बन-१३ वापरला तेव्हा २४९ आणि १३ मिळून २६२, त्यांतून तीन न्यूट्रॉन वजा होऊन २५९ वस्तुमानांकाचा दुसरा समस्थानिक मिळाला. त्याचे अर्धायुष्य ३ ते ४ सेकंद.

सेकंदात विरणाऱ्या अणूची ओळख कशी पटवायची? नव्या केंद्रातून एक आल्फा कण बाहेर पडला की त्यातील दोन प्रोटॉन कमी होतात आणि १०२ क्रमांकाचे नोबेलियम उरते. नोबेलियमचे गुणधर्म आधीच माहीत होते. अपत्य ओळखून त्यावरून पालक निश्चित करावा, तशी ही पद्धत आहे. त्यासाठीही पार्श्वभूमी स्वच्छ असणे अपरिहार्य होते, कारण शिशापासून आलेल्या खोट्या नोंदींच्या गर्दीत हे पालक-अपत्याचे नाते हरवून गेले असते.

१९७० साली त्याच कॅलिफोर्नियमवर नायट्रोजन-१५ चा मारा करण्यात आला. २४९ आणि १५ मिळून २६४, वजा चार न्यूट्रॉन, म्हणजे २६०. हा १०५ क्रमांकाच्या मूलद्रव्याचा समस्थानिक होता आणि त्याचे अर्धायुष्य अवघे १.६ सेकंद होते.

इतिहासाच्या शिक्षकाने येथे वादाची नोंद करणे कर्तव्यच आहे. त्या काळच्या सोव्हिएत संघात, मॉस्कोजवळील डुब्ना येथील शास्त्रज्ञांनी या दोन्ही मूलद्रव्यांवर आपला दावा सांगितला होता. १०४ विषयीचा त्यांचा दावा १९६४ सालचा, म्हणजे बर्कलीच्या आधीचा होता. शीतयुद्धाचे दिवस होते आणि मूलद्रव्याचे नाव हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला होता. अमेरिकन गटाने १०५ साठी हानियम हे नाव सुचविले होते. १९९३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दोन्ही शोधांचे श्रेय दोन्ही प्रयोगशाळांना विभागून द्यावे, असे मत दिले. १९९७ साली नावे कायम झाली : १०४ ला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यावरून रदरफोर्डियम आणि १०५ ला डुब्ना गावावरून डब्नियम.

हानियम हे नाव ज्या ऑटो हान यांच्यावरून सुचविले गेले, त्यांना अणुविखंडनाच्या शोधासाठी १९४४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले; त्यांच्या सहकारी लिझ माइटनर यांना मात्र ते मिळाले नाही. १९९७ साली १०९ क्रमांकाला माइटनेरियम हे नाव देण्यात आले. श्रेयाचा हिशेब कधी कधी अर्ध्या शतकाने पूर्ण होतो आणि कित्येकदा होतच नाही.

हात आणि बुद्धी

आता या पाठाचा मुख्य मुद्दा. शोधाची कथा सांगताना आपण बहुधा सिद्धांत मांडणाऱ्याचे किंवा यंत्र उभारणाऱ्याचे नाव घेतो. पदार्थ स्वच्छ करणारा, तोलणारा, लेप देणारा माणूस ‘मदतनीस’ समजला जातो. विचार करणारे श्रेष्ठ आणि हाताने काम करणारे कनिष्ठ, ही विभागणी आपल्या देशाने तर जन्माशी बांधून टाकली. ज्यांनी कातडे कमावण्याचे रसायनशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही. आणि ज्यांना अक्षरज्ञानाचा अधिकार होता, त्यांना हाताला काम लागले की विटाळ होत असे. या विभागणीने कामकऱ्याकडून पुस्तक हिरावले आणि पंडिताकडून प्रयोग हिरावला. ज्ञानाची हानी दोन्ही बाजूंनी झाली.

हॅरिस यांचे काम या विभागणीला खोटे ठरविते. कोणते मूलद्रव्य नळीतून केव्हा उतरेल, हे ठरविणे बुद्धीचे काम आहे आणि तो थेंब नेमका टिपणे हाताचे. दोन्ही एकाच माणसात, एकाच क्षणी घडावे लागते. त्यांच्या गटाचे प्रमुख अल्बर्ट गिओर्सो यांच्याजवळही पीएच.डी. नव्हती; विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि यंत्रे स्वतः बांधण्याचे कौशल्य या बळावर ते बारा मूलद्रव्यांच्या शोधांत सहभागी झाले. त्या गटात कामाची पारख झाली आणि शोधनिबंधावर हॅरिस यांचे नाव इतरांच्या बरोबरीने आले. सफाईच्या कामासाठीच आला असावा असे ज्याच्याविषयी गृहीत धरले गेले, त्याच्या हातून त्या प्रयोगशाळेतील सर्वांत शुद्ध वस्तू घडली. ज्या कार्यालयांनी त्यांना दारातून परतविले, त्यांचे स्वतःचे किती नुकसान झाले, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडणार नाही. हॅरिस यांना निदान एक दार उघडे सापडले. ज्यांना एकही सापडले नाही, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

अणुसंशोधनाविषयी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे : ज्या विद्येने हिरोशिमा आणि नागासाकी जाळली, तिचा गौरव का करावा? आमचे उत्तर असे की, विद्या आणि तिचा वापर या दोहोंची तपासणी स्वतंत्रपणे करावी. काही सेकंद टिकणाऱ्या मूलद्रव्यापासून कोणताही बॉम्ब बनत नाही; अणुकेंद्र कोठवर तग धरते, हे जाणून घेण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु याच ज्ञानशाखेतील इतर कामांनी लाखो जीव धोक्यात आणले, हेही तितकेच खरे. म्हणून प्रयोगशाळेत जाणाऱ्याने करुणा दाराबाहेर ठेवून जाऊ नये, एवढे आम्ही आवर्जून सांगतो.

पुढची पिढी

१९७३ साली ह्यूस्टन-टिलॉट्सन महाविद्यालयाने आपल्या या माजी विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. हॅरिस १९८८ साली निवृत्त झाले आणि १२ डिसेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेतील कामाइतकेच त्यांचे आणखी एक काम आम्हाला महत्त्वाचे वाटते. ते शाळांना भेटी देत. विशेषतः कृष्णवर्णीय मुलांच्या वर्गांत जाऊन, आपल्यासारखा दिसणारा माणूस शास्त्रज्ञ असू शकतो, हे ते स्वतःच्या उपस्थितीने दाखवीत. कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ आणि रासायनिक अभियंत्यांच्या संघटनेतही ते सक्रिय होते.

या धाग्याचे पुढचे टोकही पाहण्यासारखे आहे. २०१० साली ११७ क्रमांकाचे मूलद्रव्य तयार झाले. त्यासाठी बर्केलियम-२४९ चे २२ मिलिग्रॅम लक्ष्यद्रव्य अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत शुद्ध करण्यात आले आणि मारा करण्यासाठी ते डुब्नाला पाठविण्यात आले. एकेकाळी भांडणारे दोन देश आता एकाच प्रयोगात सहकारी होते. बर्केलियम शुद्ध करणाऱ्यांत क्लॅरिस फेल्प्स ही आफ्रिकन-अमेरिकन स्त्री होती. तिचे शिक्षणही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या टेनेसी स्टेट विद्यापीठात झाले. त्या मूलद्रव्याला २०१६ साली टेनेसीन हे नाव मिळाले. चाळीस वर्षांनंतरही काम तेच होते : लक्ष्य शुद्ध करणे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्याची पाळी आली की तुमच्यातील काही जण कंटाळतात. नीट न धुतलेल्या नळीने प्रयोग कसा बिघडतो, हे आता तुम्हाला ठाऊक झाले आहे. नळी स्वतः धुवा, द्रावण स्वतः मोजा, निरीक्षण स्वतः लिहा, आणि त्याखाली आपले नाव स्पष्ट अक्षरांत लिहा.

स्वाध्याय

१. कॅलिफोर्नियमचा अणुक्रमांक ९८ आहे. ११८ क्रमांकाचे मूलद्रव्य मिळविण्यासाठी त्यावर कोणत्या मूलद्रव्याचा मारा करावा लागेल? आवर्तसारणी पाहून शोधा.

२. डब्नियम-२६० चे अर्धायुष्य १.६ सेकंद आहे. १६ अणू असतील तर सरासरीने ४.८ सेकंदांनंतर किती उरतील?

३. भारतीय संविधानातील अनुच्छेद १५, १६ आणि १७ वाचा. हॅरिस यांना नोकरी शोधताना आलेला अनुभव यांपैकी कोणत्या अनुच्छेदांच्या विषयाशी संबंधित आहे, ते कारणांसह लिहा.

४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून तिच्या हातातील कौशल्याची माहिती घ्या. त्या कामात कोणते निरीक्षण, कोणते मोजमाप आणि कोणते अनुमान वापरले जाते, याची एका पानात नोंद करा आणि त्या व्यक्तीचे पूर्ण नाव वर लिहा.